भांडण नवऱ्याशी, भीती बाबांची

प्रश्न : ताई, लग्नाला सहा वर्षं झालीत. नवरा चांगला आहे, कधी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. तरी त्याने कपाट जरा जोरात लावलं किंवा फोनवर कुणाशी आवाज चढवून बोलला की माझ्या पोटात गोळाच येतो, हातपाय गार पडतात आणि मग मी बोलणंच बंद करते, कधी कधी दोन-दोन दिवस. लहानपणी बाबा दारात चप्पल कशी काढतात त्याच्या आवाजावरून आज घरात काय होणार ते मला कळायचं. मला त्यांनी कधी मारलं नाही, आईला मारायचे. नवरा विचारतो, मी काय केलंय ते तरी सांग, आणि मला सांगताच येत नाही. आई म्हणते झालं गेलं विसर. माझ्यातच काही प्रॉब्लेम आहे का?

उत्तर : अगं, चपलेचा आवाज ओळखायला शिकलीस म्हणूनच तेव्हा निभावलंस. मेंदूला तीच सवय लागली, आवाज आला की आधी शरीर सावध होतं आणि विचार मागून येतो, त्यामुळे नवऱ्याला कारण सांगता येत नाही यात नवल काही नाही. आणि "मला मारलं नाही" म्हणून स्वतःचा त्रास कमी लेखू नकोस. अमेरिकेत फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी बालपणीच्या वाईट अनुभवांवर मोठा अभ्यास केला, १९९८ मध्ये छापून आला, त्यात आईला मार बसताना बघणं हा वेगळा प्रकार म्हणून मोजला होता. तो अभ्यास मुख्यतः मोठेपणीच्या आजारांचा होता, लग्नाचा नाही, पण असं बालपण अंगात किती वर्षं राहतं ते त्यातून चांगलंच कळलं.

आता जरा कडू बोलते. तुझं गप्प बसणं तुला बचाव वाटतो, पण समोरच्याला ती शिक्षाच वाटते गं, त्यात दोन दिवस म्हणजे फारच झालं. बिल बाबांचं आणि फाडतेस नवऱ्याच्या नावावर, तो चिडणारच. नवरा-बायकोच्या भांडणांवर वर्षानुवर्षं काम केलेले जॉन गॉटमन सांगतात की नाडी मिनिटाला १००च्या वर गेली की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, निदान २० मिनिटं थांबावं. म्हणजे थांबायला हरकत नाही, फक्त सांगून थांब. "आत्ता मला बोलता येत नाहीये, तुझ्यावर राग नाही, अर्ध्या तासाने बोलू", बस एवढंच, आणि अर्ध्या तासाने खरंच जायचं, गोळा पूर्ण गेला नसला तरी. मधल्या वेळात मनातल्या मनात भांडण चालू ठेवलंस तर मात्र काही उपयोग नाही, त्यापेक्षा चालून ये.

दुसरं म्हणजे चपलेची गोष्ट त्याला सांग. भांडणाच्या मध्येच नको, एरवी दोघं निवांत असताना, आणि सगळं बालपण एका बैठकीत काढायचीही गरज नाही. पण म्हणून त्याने आयुष्यभर पाय न वाजवता घरात वावरावं अशी अपेक्षा धरू नकोस हं, कपाट कधीतरी वाजणारच.

आईच्या बोलण्याचा राग धरू नकोस, विसरल्याशिवाय तिला जगताच आलं नसतं कदाचित. तुला मात्र विसर म्हणून विसरता येणार नाही. ट्रॉमावर, म्हणजे मनावरच्या खोल आघातांवर, काम करणाऱ्या थेरपिस्टकडे आधी एकटीने जा, नवऱ्याला घेऊन नंतर गेलीस तरी चालेल. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने जुन्या आठवणींचा त्रास कमी करायची पद्धत) किंवा ट्रॉमासाठीची सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची पद्धत) करता का, असं सरळ विचार, नुसते सल्ले देणारा असेल तर दुसरा बघ.

हे वाचणाऱ्या इतर जणींसाठी एक, ज्यांचा नवरा आज खरंच मारतो किंवा धमकावतो त्यांनी "माझंच बालपण तसं होतं म्हणून मला भीती वाटते" असं स्वतःला समजावू नये, अर्ध्या तासाचा ब्रेक वगैरे तुमच्यासाठी नाहीच, आधी विश्वासातल्या कुणाला तरी सांगा आणि सुरक्षित जागी जायची सोय बघा.