ड्रमर कायम अंधारातच का?

प्रश्न : ताई, मी 22 वर्षांचा, डोंबिवलीचा. मित्रांचा रॉक बँड आहे, गाणी त्यांची स्वतःची. आता मुंबईतल्या छोट्या क्लबांत त्यांना गिग, म्हणजे कार्यक्रम, मिळू लागलेत आणि फोटोंचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मामाचा जुना निकॉन डी3400 आणि त्याच्यासोबतची 18-55 लेन्स एवढंच हाताशी आहे. फोटो हलतात, गायकाचं तोंड टोमॅटोसारखं येतं, ड्रमर तर दिसतच नाही. फ्लॅश मारला की बँडवालेच ओरडतात.

उत्तर : ओरडू देत, त्यांचं बरोबर आहे. स्टेज हातभर लांब असताना डोळ्यांत फ्लॅश गेला तर गिटारवाल्याला पुढची पट्टी दिसत नाही. शिवाय दिव्यांनी जो काही माहोल तयार झालेला असतो तो फ्लॅश पुसून टाकतो आणि मागची भिंत, वायरी, पाण्याच्या बाटल्या तेवढ्या स्वच्छ येतात. फ्लॅश घरी ठेव.

कॅमेरा बदलू नकोस, लेन्स बदल. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. तुझी लेन्स 55वर जास्तीत जास्त एफ 5.6 उघडते. एफ 1.8ची लेन्स तिच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. सगळे 50 एमएम घ्यायला सांगतील, मी तुला 35 सांगेन. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर 50 जवळपास 75सारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं, आणि छोट्या क्लबात मागे सरकायला जागाच नसते. पाठीला बारचं काउंटर लागतं. फोर्टात बोरा बाजारला जुन्या लेन्स बघायला जाशील तेव्हा एक सांभाळ : डी3400च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्सवर 'एएफ-एस' लिहिलेलं हवं, म्हणजे मोटर लेन्समध्येच असते. बिनमोटरची जुनी 'एएफ-डी' स्वस्तात मिळाली म्हणून उचललीस तर अंधारात हाताने फोकस करत बसशील.

मोड मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). एफ 2, शटर 1/160 सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 3200 इथून सुरुवात कर. गाणं धावतं असेल तर शटर 1/250 आणि आयएसओ 6400. फोटोत दाणे येतील, येऊ देत. दाणेदार फोटो चालतो, हललेल्या चेहऱ्याचं काही करता येत नाही. एलईडीमुळे आडवे पट्टे दिसले तर शटर 1/100वर आणून बघ.

आता लाल रंग. सेन्सरवरच्या दर चार ठिपक्यांपैकी एकच लाल प्रकाश टिपतो. दिवा निव्वळ लाल असला की तो एक ठिपका भरून वाहतो, बाकीचे तीन जवळपास रिकामे राहतात आणि चेहऱ्यावरचे बारकावे जातात. म्हणून लाल प्रकाशात एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेव, हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटलेली नाही ना ते बघ, आणि घरी येऊन फोटो सरळ काळा-पांढरा कर. रॉकच्या फोटोंत एवढं काळं-पांढरं का, याचं अर्धं उत्तर मला तरी यातच दिसतं. कला वगैरे नंतरची गोष्ट.

पण खरं काम कॅमेऱ्याबाहेरचं आहे. दिवे तुझ्या हातात नाहीत, गाणी आहेत. तुझे तर मित्रच, त्यांच्या तालमीला जाऊन बस. दुसऱ्या कडव्यानंतर सगळे थांबतात आणि मग एकदम तुटून पडतात, हे ज्याला पाठ आहे तो आधीच योग्य जागी उभा असतो. बाकीचे तो क्षण गेल्यावर बटण दाबतात. गायक माइकला चिकटून गात असताना समोरून काढलास तर नाकाजागी माइक येणार. जरा बाजूला हो, आणि दोन ओळींच्या मधे तो तोंड मागे घेतो तेव्हा टीप. उजव्या हाताने वाजवणाऱ्या गिटारिस्टच्या गिटारची मान आपल्या उजवीकडे येते, त्यामुळे मानेवरची बोटं हवीत तर उजवीकडे, तारा छेडणारा हात हवा तर डावीकडे उभा राहा.

आणि ड्रमर. बिचारा मागे बसतो, छोट्या क्लबात दिवे पुढच्यांवर असतात, वर झांजांची रांग तोंडासमोर. साउंडचेकला, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीला, लवकर जा. ध्वनी-प्रकाशवाल्याला नमस्कार कर, नाव विचार, आणि एखादा पांढरा दिवा मागे वळवता येईल का असं नम्रपणे विचार. बहुतेक वेळा येतो. कुणी विचारलेलंच नसतं!

ओळखपत्र जवळ ठेव. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 अशी वयाची अट आहे, दारावरचा माणूस वय विचारणारच. मोठा कॅमेरा आत न्यायचा तर बँडकडून आदल्या दिवशीच क्लबला कळवून ठेव.

प्रश्न : मी फुकट काढलेला फोटो बँडने मला न विचारता पोस्टरवर छापला. हक्क कुणाचा? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक तो काढणारा. गंमत अशी की बँडने पैसे देऊन तुमच्याकडून काढून घेतला असता, तर वेगळा करार नसल्यास मालकी त्यांच्याकडे गेली असती. म्हणून पैसे घ्याल तेव्हा दोन ओळी लिहून घ्या. या पोस्टरसाठी मात्र आधी फोन करा, वकील नंतर. या मुलांच्या हातात दारावरच्या तिकिटांच्या वसुलीतून पेट्रोलपुरते पैसे पडले तरी नशीब.

प्रश्न : वय 60, ठाणे. तरुणपणी धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक या संगीत उत्सवाला जायचो, रॉक मशीन हा बँड ऐकलाय. आता अशा क्लबांत गेलो तर विचित्र दिसेल का?

उत्तर : दिसेल, आणि बिघडत काहीच नाही. 1986ला सुरू झालेला तो उत्सव ज्यांनी रंगभवनात पाहिला, त्यांनी तर जायलाच हवं. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ते उघडं नाट्यगृह गेलं, गाणं भिंतींच्या आत आलं. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 ते 2016 ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब होता. त्याच आवारात पुढे अँटीसोशल हा क्लब आला. सुरुवात तिथून करा.

फक्त कान सांभाळा. उघड्यावर विरून जाणारा आवाज इथे भिंतींवरून परत येतो. 85 डेसिबल आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100ला जेमतेम 15 मिनिटं. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. पिळून, कान वर ओढून घाला. स्पीकरच्या पुढ्यात उभं राहू नका, साउंड डेस्कच्या (ध्वनी सांभाळणाऱ्याच्या टेबलाच्या) बाजूला राहा, आवाज तिथेच सगळ्यात चांगला असतो. पोरं 'अंकल' म्हणतील. रागावू नका, तीच पोरं बाजूला सरकून जागाही देतात.