भाचा रात्रभर जागतो, वाचलेलं लक्षात राहत नाही. आळस की आजार?

तुम्ही लिहिलंय की १९ वर्षांचा भाचा पहाटेपर्यंत जागा असतो, वाचलेलं सकाळी आठवत नाही आणि मधूनच कुणी हाक मारल्यासारखं वाटतं म्हणतो. आळस म्हणून त्याला रागावू नका, एवढं आधी सांगते.

मी नागपूरची. माझी लेक बारावीच्या वर्षी रात्री तीनपर्यंत केमिस्ट्रीचं पान हिरव्या हायलायटरनं रंगवायची आणि सकाळी तेच पान बघून विचारायची, "आई, हे मी कधी वाचलं?" वर ऐन मे महिन्यात रात्री कूलर बंद करायची. घर नुसतं तापायचं. मी खूप बोलले तिला.

मानसोपचारतज्ज्ञांकडून कळलं की शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. झोपेत मेंदूत क्षणभराच्या वेगवान लहरी उठतात, त्यांना स्पिंडल म्हणतात. एखाद्याला डाव्या हाताच्या बोटांनी ४-१-३-२-४ असे आकडे दाबायला शिकवलं, तर रात्रीच्या झोपेनंतर सराव न करताही बोटं जास्त भरभर चालतात. स्किझोफ्रेनियात, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय येणं अशा गंभीर मानसिक आजारात, या लहरी कमी दिसतात आणि रात्रीतून होणारी ही प्रगतीही अडते. सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, धोका असलेल्या मुलांमध्येही झोपेच्या तक्रारी पुष्कळ असतात. मात्र त्यातल्या बहुतेकांना पुढे सायकोसिस होत नाही. मला तेव्हा याचाच फार आधार वाटला.

आणि झोप सुधारता येते. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ३,७५५ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना निद्रानाशासाठी ऑनलाइन सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, औषधाविना उपचारपद्धती) दिली, त्यांची झोप सुधारली, शिवाय संशय आणि भासही थोडे कमी झाले.

मनानं झोपेची गोळी देऊ नका. कधी झोपला, कधी उठला हे पंधरा दिवस वहीत लिहायला सांगा आणि ती घेऊन मानसोपचार ओपीडीत जा. आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, तो विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गांजा ओढत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आवाज हुकूम करायला लागले किंवा तो जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला, तर त्याच दिवशी न्या.

आत गेल्यावर त्याला एकट्याला बोलू द्या. आमच्या पहिल्या भेटीत सगळं मीच बोलत होते. मला बाहेर बसवल्यावर लेकीनं डॉक्टरांना सांगितलं की कूलरच्या आवाजात कुणीतरी तिचं नाव घेतं.