फुलं येतात, टोमॅटो का येत नाही?

प्रश्न : सर, भांडुपला आमच्या गॅलरीत टोमॅटोची चार झाडं आहेत. एप्रिलपासून फुलं भरपूर येतात, पण देठाशी पिवळी पडून गळतात. दोन वेळा पाणी घालते. सासरी मोहोळला मात्र ज्वारीला पेरणीनंतर एकही पाणी न देता कणसं भरतात. माझ्या लाडात काय कमी पडतं? आणि सुकत चाललेली कोवळी ज्वारी सासूबाई गाईपुढे टाकू देत नाहीत, त्यात तथ्य आहे का?

उत्तर : ताई, ही तुलना टोमॅटोवर अन्याय करणारी आहे. मोहोळची रब्बी ज्वारी दसऱ्याच्या आसपास पेरतात, काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते आणि थंडीत दाणा भरते. तुमचा टोमॅटो मे महिन्यात मुंबईत आहे. त्याला तहान नाही लागलेली, त्याला उकडतंय.

तहानेवर झाडाकडे उपाय असतो. मुळाशी माती सुकू लागली की ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पानांवरची पर्णरंध्रं मिटतात. पेशींत प्रोलिन साठतं, ते पाणी धरून ठेवायला मदत करतं. पण रंध्रं मिटली की झाडाचा घामही थांबतो, पान तापतं आणि कार्बन डायऑक्साइड आत येईनासा होतो. तहान म्हणते दार लाव, उकाडा म्हणतो उघड. त्यात मुंबईच्या दमट हवेत दार उघडं ठेवूनही घाम नीट वाळत नाही. संध्याकाळची लोकल आठवा.

तापलेल्या पानात रुबिस्को चुका करू लागतं. हवेतला कार्बन पकडून साखरेच्या वाटेला लावणारं हे विकर उष्णतेत वरचेवर ऑक्सिजनच धरून बसतं, आणि ते निस्तरताना कमावलेला थोडा कार्बन पुन्हा हवेत जातो. ज्वारीकडे यावर तोड आहे. ती आधी दुसऱ्याच विकराने कार्बन पकडते आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन कोंबते. तिथे रुबिस्कोला चुकायला फारशी संधीच उरत नाही, म्हणून रंध्रं किलकिली ठेवूनही तिचं भागतं. याला सी-४ पद्धत म्हणतात. टोमॅटोकडे ती नाही.

तुमच्या फुलांचा खरा घात मात्र रात्री होतो. रात्र २१-२२ अंशांच्या वर राहू लागली की टोमॅटोची फळधारणा घसरते, आणि मुंबईत मेमधली रात्र २७च्या आसपास असते. उकाड्यात श्वसन वाढतं, दिवसाची कमाई रात्रीच खर्च होते. परागकणांना स्टार्च साठवायला साखर पुरत नाही आणि ते वांझ निघतात. यात पाणी काय करणार? उलट कुंडीत चिखल झाला तर मुळं गुदमरतील. मी स्वतः परळच्या गॅलरीत शेजाऱ्यांच्या एसीच्या गरम झोतासमोर मिरची ठेवून तिला दिवसातून तीनदा पाणी पाजत होतो. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस! शेवटी बायकोने कुंडी दोन हात सरकवली आणि पंधरवड्यात मिरच्या धरल्या.

तेव्हा टोमॅटोची रोपं गणपती गेल्यावर करा, म्हणजे फुलं थंडीत येतील. आत्ता लाल माठ पेरा. तोही सी-४च आहे आणि पानांसाठीच लावायचा, त्यामुळे परागाची भानगडच नाही.

सासूबाईंचं म्हणणं शंभर टक्के खरं. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि पाण्याचा ताण बसून वाढ खुंटली की त्याचं प्रमाण वाढतं. जनावराने पान चावलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. त्यालाच गावाकडे किरळ लागणं म्हणतात. गाय काही मिनिटांतही दगावू शकते. पीक फुलोऱ्यावर आलं की धोका बराच उतरतो. तोवर सासूबाईंचं ऐका, आणि चुकून गाईने खाल्लंच तर आधी जनावरांचा डॉक्टर, मला पत्र नंतर.