सहावा वजीर अडला तेव्हा

"मॅडम, वर्गात सगळ्यांना एआय येतं, मलाच येत नाही." अलीकडे हे वाक्य इतक्या मुलांकडून ऐकते आहे, की त्यावर लिहायलाच हवं.

दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. बरोबर आई. बोलायला सुरुवात आईनेच केली, "हेच नाही आलं तर पुढे हिला नोकरी कोण देणार?" मी आईंना थोडा वेळ बाहेर बसवलं.

एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, या विषयात सर्च (उत्तराचा शोध), लॉजिक (तर्क) इथपर्यंत तिचं ठीक चाललं होतं. प्रोबॅबिलिटी, म्हणजे संभाव्यता, सुरू झाली आणि सगळं डोक्यावरून जायला लागलं. "माझी लाइनच चुकली. आजी म्हणत होती, बी.कॉम. कर." जुन्या आठवणी उकरत बसणं ही माझी पद्धत नाही. माणूस स्वतःशी काय बोलतो, ते मी पकडते. पुढच्या भेटींतही वाक्य तेच. एक चाचणी बिघडली, लाइन चुकली. एक गणित अडलं, लाइन चुकली.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, "तुला छान आलेलं काहीतरी मला शिकव."

तिने वहीच्या पानावर बुद्धिबळाचा पट आखला. माझ्याकडे लहान मुलांसाठी चिंचोक्यांची बरणी असते, त्यातले आठ घेतले. वजीर आडवा, उभा, तिरका कितीही घरं मारतो; असे आठ वजीर असे बसवायचे, की कुणी कुणाला मारू नये. हे कोडं १८४८ सालचं, उत्तरं ९२. पहिल्या ओळीपासून, जे पहिलं सुरक्षित घर मिळेल तिथे ती एकेक चिंचोका ठेवत गेली. पाच बसले. सहाव्या ओळीत एकही घर मोकळं नाही!

"आता?" मी विचारलं.

"आता मागे यायचं." पाचवा उचलून तिने आठव्या घरात ठेवला. तरी सहावा अडलाच. पाचव्याला आणखी जागा नव्हती, मग तिने चौथाही उचलला आणि सातव्या घरात नेला.

"पहिले तीन का नाही उचललेस?"

"ते कशाला? अजून चौथ्याला जागा आहे ना..." बोलता बोलता ती थांबली. बराच वेळ पानाकडे बघत राहिली. "मी तर सगळा पटच उधळत होते, मॅडम."

इतक्या वर्षांच्या कामात मला हेच दिसत आलंय. मुलं अडल्यामुळे खचत नाहीत, अडल्यावर थेट पहिल्या घरापर्यंत मागे जातात म्हणून खचतात. म्हणून पालकांनो, "जमतंय का?" असं विचारू नका. "शेवटचं नीट समजलेलं काय?" असं विचारा आणि उत्तराची घाई करू नका. मुलांनीही ते लिहून काढावं. 'प्रोबॅबिलिटी येत नाही' ही तक्रार झाली, तिचं काही करता येत नाही. 'अमुक पानापासून सुटलं' म्हटलं, की काम सुरू होतं.

हिचं सुटलं होतं बेझच्या प्रमेयापाशी, म्हणजे नवी माहिती कळल्यावर शक्यता कशी बदलते ते सांगणाऱ्या नियमापाशी. बारावीत पाठ केलेलं, समजलेलं नव्हतं. म्हणजे मागे जायचं ते तेवढंच. तिचं बारावीचं पुस्तक रद्दीत गेलं होतं, ते आईनेच शेजारच्या मुलाकडून मागून आणलं.