लाटेच्या पोटातला फोटो

प्रश्न : हवाईच्या क्लार्क लिटल यांचे लाटेच्या आतून काढलेले फोटो पाहिल्यापासून तेच डोक्यात आहे. माझ्याकडे डीएसएलआर आणि १८-५५ लेन्स आहे. दिवाळीनंतर कोकणात जातोय. प्लास्टिकचा वॉटरप्रूफ पाउच घेऊ का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : पाउच घेऊ नका. फुटणाऱ्या लाटेचा तडाखा त्याची पट्टी उघडू शकतो, आणि सुरकुतलेल्या प्लास्टिकमधून फोटोही धूसर येतो. कडक हाउसिंगच लागते, म्हणजे कॅमेरा आत बसवायची पाणी न शिरणारी पेटी. लिटल २००७ मध्ये फोटोग्राफीकडे वळले, पण हवाईतल्या वायमियाच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा त्यांनी त्याआधी कित्येक वर्षं अंगावर घेतल्या होत्या. लाट कुठे वळणार हे शरीराला कळलेलं असतं, म्हणूनच वाइड लेन्स घेऊन ते इतक्या जवळ थांबू शकतात. तुम्ही आधी तरणतलावात पायांना फिन्स लावून, एका हातात वजन धरून पोहायचा सराव करा.

दिवाळीनंतर कोकणातल्या लाटा लहान असतात. शिकायला त्याच बऱ्या. पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही. एरवीही एकट्याने नाही.

लेन्स १८ वर, शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान, अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ ऑटो. ऑटोफोकस उडणाऱ्या थेंबांवर अडकतो, म्हणून दीड-दोन मीटरवर फोकस करून मॅन्युअलवर टाका आणि रिंगला चिकटपट्टी लावा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी लाटेच्या तोंडावर ऊन पडतं, तर संध्याकाळी ऊन लाटेच्या आरपार येतं आणि पाणी काचेसारखं उजळतं. तो हिरवा रंग हवा असेल तर संध्याकाळच गाठा.

प्रश्न : मित्राची हाउसिंग वापरणार आहे. पाणी शिरू नये, काचेवर वाफ धरू नये म्हणून काय करावं?
– एक वाचक, परभणी

उत्तर : सगळं ओ-रिंगवर, म्हणजे हाउसिंगच्या झाकणाशी खाचेत बसणाऱ्या रबरी कडीवर, अवलंबून आहे. एक केस किंवा वाळूचा एक कण तिच्याखाली राहिला तरी पाणी आत येतं. रिंग काढून खाच पुसा, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. जाड थर वाळू धरतो. मग कॅमेऱ्याऐवजी आत टिश्यू पेपर ठेवून हाउसिंग १५ मिनिटं बादलीत बुडवून धरा. टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत.

किनाऱ्यावरची दमट हवा आत कोंडली की समुद्राच्या गार पाण्यात काचेवर वाफ धरते. म्हणून हाउसिंग एसी खोलीतच बंद करा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. पाण्यात ती उघडता येत नाही, तेव्हा बॅटरी भरलेली आणि कार्ड मोठं असू द्या.

वापरून झाल्यावर अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवा आणि बटणं दाबत राहा, नाहीतर आतलं मीठ सुकून ती अडकतात. घरी पुन्हा धुताना मात्र बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर राहतात. फिल्टरचं पाणी वापरा.