दोन महिन्यांच्या बाळाला उन्हाळ्यात पाणी आणि गुटी द्यावी का? नुसतं अंगावरचं दूध पुरतं का?

तू लिहिलंयस की बाळ दोन महिन्यांचं आहे, नाशिकचा एप्रिल तापलाय, सासूबाई पाणी आणि गुटी सुरू कर म्हणताहेत, तुलाही दूध पुरत नाहीसं वाटतंय आणि बाळ चार महिन्यांचं झालं की कामावर जायचंय. एकेरीत लिहिते, माझ्या लेकीच्या वयाची असशील. मी नाशिकमध्येच अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. पण उत्तर लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. 'दूध पुरत नाही' हे माझ्या लेकीला माझ्याच घरात ऐकवलं गेलंय आणि तो राग अजून माझ्या पोटात आहे.

आधी पाण्याचं. एक चमचाही नाही. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा मागतं, थोडं थोडं पितं आणि त्यातच त्याची तहान भागते. पाणी तू पी, भरपूर. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब किंवा औषध चालतं, बाकी काही नाही. मध तर वर्षाच्या आत कुणी चाटवू दिला तर हात धर, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला जिवावरचं दुखणं होऊ शकतं.

आता गुटी. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्या सिडकोतल्या घरी. सिझर होतं, त्यामुळे दूध उतरायला जरा वेळ लागला, पण बाळ पिवळा चीक ओढत होतं, दुपटी भिजत होती, मला काळजी नव्हती. बारशाला घर भरलं. सकाळपासून बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. पाजायला बसायचं तर लेकीला मोकळी खोली मिळेना, एका खोलीत पुरुषमंडळी, दुसरीत जेवणाची पंगत. दुपारी बाळाने टाहो फोडला. माझ्या थोरल्या जाऊबाई येतानाच सहाण आणि गुटीची पुरचुंडी घेऊन आल्या होत्या. सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "हिला दूधच नाही. लेकरू उपाशी ठेवलंय. आई गावभर बायांना शिकवत फिरते आणि घरात ही तऱ्हा." आणि जायफळ उगाळायला बसल्या. लेक आत जाऊन रडायला लागली. ओली बाळंतीण, टाके दुखताहेत, आणि हे.

मी सहाण उचलली, धुतली आणि ओट्यावर पालथी घातली. पुरुषांना खोलीतून उठवलं, बाळ लेकीपाशी दिलं, दार लावलं आणि दाराशी बसले. पंगत वाढायचं थांबलं, थांबू दे. बाळ दोन्ही बाजूंनी पोटभर प्यालं आणि झोपलं. जाऊबाई काय म्हणाल्या असतील? "थकून झोपलं बिचारं." त्या आजही प्रत्येक कार्यात हा किस्सा सांगतात आणि शेवटी, "माझी तिन्ही गुटीवरच वाढली."

जाऊबाईंना तेव्हा ऐकून घ्यायचं नव्हतं, म्हणून तुला सांगते. जायफळाने गुंगी येते. गुंगलेलं बाळ झोपतं, घरातल्यांना वाटतं गुटी मानवली. झोपलेलं बाळ ओढत नाही. छातीतून दूध जेवढं ओढलं जाईल तेवढंच पुन्हा तयार होतं, रात्रीचं पाजणं तर सोडूच नये. इकडे पाजणं कमी, तिकडे दूध कमी, मग वरचं डब्यातल्या पावडरीचं दूध, मग बाटली, मग बाळ अंगावर यायलाच तयार नाही. दोन आठवड्यांत "हिला दूधच नाही" हे खरं होऊन बसतं आणि बोलणारी बाई म्हणते, मी सांगत नव्हते का. असं मी घराघरांत बघितलंय. शिवाय ती सहाण, ती ओलसर पुरचुंडी, ते उगाळायचं पाणी. पाऊस सुरू झाला की आमच्या वस्तीत तान्ह्या बाळांना हगवण ठरलेली, आणि पाणी, गुटी, गाईचं दूध सुरू झालेली बाळं त्यात पुढे. "आमची नाही का वाढली" म्हणणाऱ्यांची वाढली, चांगलंच झालं. ज्यांची गेली त्या बाया बारशाला येऊन बोलत नाहीत.

पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नकोस. बाळ गरमीने, पोटात वायू धरल्यानेही रडतं. सहा आठवडे, तीन महिने अशा सुमाराला वाढीचा जोर असतो, तेव्हा ते तासातासाला मागतं. दिवसात सहा किंवा जास्त वेळा फिकट-स्वच्छ लघवी आणि महिन्याला निदान अर्धा किलो वजन, एवढं असलं तर दूध पुरतंय. पाजताना नुसतं बोंड तोंडात नको, भोवतालचा काळा भागही जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी. निम्म्या बायांची अडचण तिथेच असते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी खुशाल खा, बाळंतिणीला ताकद हवीच. पण बाळाने ओढल्याशिवाय नुसत्या लाडवांनी दूध वाढत नाही.

कामाचं. कायद्याने पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे, २०१७पासून. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेतले की मागे चार महिन्यांच्या वरच काय ते उरतं, तुझं तेच झालेलं दिसतंय. कामावर जायच्या दोन आठवडे आधी हाताने दूध काढायला शीक. झाकणाच्या स्वच्छ भांड्यात, फ्रीजमध्ये चोवीस तास. आपल्या उन्हाळ्यात बाहेर तीन-चार तास टिकेल असा भरवसा धरू नकोस. गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करायचं, गॅसवर उकळायचं नाही. बाटली आणूच नकोस, वाटी-चमचा किंवा बोंडलं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला वेळ मिळायचा हक्क आहे, कामाच्या ठिकाणी पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघरही. मागून घे, आपणहून कुणी देत नाही. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरीच्या द्राक्षबागांत येणाऱ्या बायांना यातलं काहीच मिळत नाही. मांडवाखाली झोळी बांधतात आणि कामातून उठून पाजतात. मुकादम ओरडला तरी पाजतात. मी त्यांना कधी काय शिकवणार होते!

सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलेलं असतं. मालीश, अंघोळ, तू कामावर असताना बोंडल्याने पाजणं त्यांच्याकडे सोपव. लसीकरणाला जाशील तेव्हा त्यांना बरोबर ने आणि वजनाचा आकडा त्यांच्यासमोर वाचायला सांग. माझ्या जाऊबाई एकदाही आल्या नाहीत. आल्या असत्या तर पुढचं सगळं बोलणं तिथेच मिटलं असतं.

आणि हो, काही बायांना खरंच दूध कमी असतं. थायरॉइड असतं, जुळी असतात, छातीचं ऑपरेशन झालेलं असतं. अशा वेळी डॉक्टरांनी डबा लिहून दिला तर तो द्यायचा, त्यात पाप नाही आणि कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. दिवसभरात लघवी कमी झाली, वजन वाढेना, बाळ मलूल पडलं, ताप आला किंवा प्यायचंच सोडलं, तर माझं हे उत्तर बाजूला ठेव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ.