वाचकांचे प्रश्न : एडीएक्स चढला म्हणजे भाव चढणार का?

प्रश्न (वसमत) : हळदीच्या वायद्यात (पुढच्या तारखेच्या सौद्यात) एडीएक्स हे चार्टवरचे इंडिकेटर 38 वर गेले म्हणून खरेदी केली. नंतर चार दिवस भाव उतरतच राहिला, एडीएक्स मात्र 41 झाला. हे इंडिकेटर भरवशाचे नाही का?

उत्तर : भरवशाचे आहे, पण ते दिशा सांगत नाही. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेला एडीएक्स फक्त कलाचा जोर मोजतो. तेजी असो की मंदी, जोर वाढला की तो चढतो. दिशा पाहायची ती सोबतच्या दोन रेषांवरून : प्लस डीआय वर असेल तर तेजीचा जोर, मायनस डीआय वर असेल तर मंदीचा. तुमच्या चार्टवर त्या दिवशी मायनस डीआय वर असणार, तपासून पाहा.

गणित एकदा हाताने करा, म्हणजे गोंधळ राहणार नाही. समजा, काल हळदीचा उच्चांक 14,200, नीचांक 13,900 आणि बंद भाव 14,000. आज उच्चांक 14,350, नीचांक 13,980. उच्चांक 150 ने वर सरकला, नीचांक कालच्या खाली गेलाच नाही. म्हणून वरची चाल 150, खालची शून्य. आजची रेंज 370. कालच्या बंद भावापासूनची अंतरे 350 आणि 20, म्हणजे लहानच; तेव्हा 370 धरायची. वरची चाल, खालची चाल आणि रेंज या तिन्हींची 14 दिवसांची सरासरी काढून प्रत्येक चालीला रेंजने भागायचे आणि 100 ने गुणायचे. हे झाले दोन डीआय. ते 28 आणि 12 आले तर फरक 16, बेरीज 40; 16 ÷ 40 × 100, म्हणून डीएक्स, म्हणजे त्या दिवसाचा आकडा, 40. एडीएक्स ही या डीएक्सची सरासरी. काल एडीएक्स 22 असेल तर आजचा (22 × 13 + 40) ÷ 14, म्हणजे 23.3. डीएक्स 40 असूनही एडीएक्स जेमतेम सव्वा अंक हलला! म्हणूनच 38 दिसेपर्यंत चालीचा बराच भाग होऊन गेलेला असतो.

सौदा करायचा तर एडीएक्स 20 च्या खालून निघून 25 ओलांडताना, आणि तोही वर असलेल्या डीआयच्या बाजूनेच. 40 च्या वरून तो खाली वळला तर नवा सौदा नको, हातातल्या सौद्याचा स्टॉपलॉस (ज्या भावाला सौदा आपोआप मोडायचा तो) जवळ घ्या. तो वळला म्हणजे भाव उलटलाच असे मात्र नाही, बाजार नुसता आडवाही पडतो.

सलग वायद्याच्या (एकामागचा एक महिन्याचा वायदा जोडून केलेल्या) चार्टवर महिना बदलतो तो दिवसही पाहा. जुना वायदा 14,000 ला आणि पुढचा 14,400 ला असेल, तर 400 ची ती उडी बाजारात झालेलीच नसते. गणित मात्र ती वरची चाल धरते आणि प्लस डीआय पुढे कित्येक दिवस फुगलेला राहतो.

प्रश्न (परभणी) : दोन सॉफ्टवेअरमध्ये एकाच दिवसाचा एडीएक्स वेगळा दिसतो. खरा कोणता?

उत्तर : ज्यात मागचे दिवस जास्त भरलेले आहेत तो. 14 च्या सेटिंगला पहिला आकडाच 27-28 कँडलनंतर (रोजच्या चार्टवर एक कँडल म्हणजे एक दिवस) येतो आणि जुन्या दिवसांचा अंश त्यात बराच काळ उरतो. निदान 150 कँडल भरा. नुकताच सुरू झालेला वायदा असेल तर त्याचा एडीएक्स वापरूच नका.

प्रश्न (लातूर) : सोयाबीनचे वायदे सेबीने (बाजार नियामक संस्थेने) डिसेंबर 2021 मध्ये थांबवले. मग मोंढ्याच्या रोजच्या दरांवर एडीएक्स लावता येईल का?

उत्तर : नाही, आणि कारण नीट समजून घ्या. बाजार समितीचा किमान आणि कमाल दर मालाच्या प्रतीचा असतो. ओलाव्याचा, डागी एक ढीग 3,200 ला गेला की किमान दर कोसळतो. चांगल्या मालाला त्याच तासाला कालचाच भाव मिळालेला असतो. एडीएक्स त्या ढिगाला मंदी समजेल.

त्याऐवजी फक्त सर्वसाधारण दर घ्या आणि पेरी कॉफमन यांचे कार्यक्षमता गुणोत्तर काढा; दर किती सरळ चालला ते त्यावरून कळते. दहा दिवसांत दर 4,300 वरून 4,450 झाला, निव्वळ फरक 150. रोजची चढ-उतार चिन्ह न पाहता बेरजेला घ्या. ती 250 आली तर 150 ÷ 250 = 0.6, कल सरळ आहे. 500 आली तर 0.3, म्हणजे दर नुसता हेलकावे खातो आहे. सुट्टीचे दिवस वगळा, मागचा दर तिथे पुन्हा लिहू नका. आवक अगदी तुरळक असलेला दिवसही गाळा, कारण पाच-दहा पोत्यांवर निघालेला दर बाजाराचा नसतो.